सहाशे अकरा नोंदी

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. आता ती फक्त माझ्यावर करवादते. बाबांनी गॅलरीचं दार रंगवलं आणि त्यालाच टेकून स्वतःही रंगले.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सहा वर्षांनी पुन्हा नोकरीचा अर्ज करतेयस आणि "नदीच्या त्या कामाचा काही पुरावा मिळेल का रे?" एवढंच विचारलंस. मी फोनवर दोनदा इकडच्या तिकडच्या गप्पा करून वेळ मारून नेली.

आता सांगतो. लेकीच्या आजारपणात तू प्रयोगशाळा सोडलीस, तेव्हा नदीच्या पातळीची मोजमापं तपासणारा तुझा प्रोग्रॅम माझ्या हाती आला. मी तो इंटरनेटवर कोड ठेवायच्या माझ्या खात्यावर चढवला, पण नुसत्या फाइली. कोणी कधी काय बदललं, तो मागचा इतिहास घेतलाच नाही. घाई होती, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझं एकट्याचं नाव मला बरं दिसत होतं. शोधनिबंधही तसाच गेला.

गेल्या सोमवारी प्रयोगशाळेच्या मॅडमनी आमचं कोडचं भांडार संशोधनाच्या डेटा-संग्रहाला जोडायला सांगितलं. एकदा जोडलं की आपण आवृत्ती जाहीर करताच संग्रह तिची प्रत ठेवून घेतो, तिला कायमचा क्रमांक देतो आणि बदलांच्या इतिहासातून लेखकांची नावं आपोआप भरतो. मी जोडलं आणि आवृत्ती जाहीर करायचं बटण दाबलं. लेखक एकच, मी. तुला पुरावा हवा होता आणि मी तू नसल्याचा पुरावा कायमचा करून ठेवला.

कपाटातला जुना लॅपटॉप काढला. त्यात तुझी मूळ प्रत होती, बदलांच्या सहाशे अकरा नोंदींसकट. दोन दिवस वाचत बसलो. ताई, काय काम केलं आहेस गं! चुकलेलं एकही मोजमाप तू पुसलेलं नाहीस. शेजारी खूण केलीस आणि कारण लिहिलंस. "यंत्रात गाळ बसला होता." "त्या दिवशी बंधाऱ्याचं दार उघडलं होतं, आकडा खरा आहे, हात लावू नये." तो आकडा मी निबंधातून चूक म्हणून काढला होता! एका ठिकाणी लिहिलंयस, "भाऊ विचारेल हे असं का, म्हणून खाली सविस्तर." मी कधी विचारलंच नाही. इतकी वर्षं तज्ज्ञ म्हणून मिरवलो ते तुझ्या जिवावर.

मग तो इतिहास परत जोडला आणि नवी आवृत्ती जाहीर केली. नावं दोन, तुझं पहिलं. आधीची आवृत्ती पुसता येत नाही. ती तिथेच राहील, खाली माझ्या सहीच्या खुलाशासह. मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं काय झोपा काढत होतास?" मला नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहायला बसवलं आणि स्वतः तुझ्या नोंदी वाचत बसल्या. चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

नव्या आवृत्तीचा क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवला आहे. अर्जात "प्रमुख लेखिका" असंच लिही. "थोडी मदत केली होती" वगैरे लिहू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. माझ्यावर रागाव, हवं तर बोलू नकोस. पण अर्ज शुक्रवारच्या आत पाठव.

तुझ्या नावाखाली ज्याचं नाव आहे तो,
तुझा भाऊ