शर्यत बाद झाली तो शुक्रवार

आप्पा, घसा बसलाय. डॉक्टरांनी आठ दिवस तोंड उघडायचं नाही असं बजावलंय, म्हणून लिहायला बसले. सभा, मोर्चे, परिषदा, माईक असो नसो, इतकी वर्षं बोलतच आले. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. या सगळ्या काळात तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले, तुमच्याशी मात्र नाही. आज बोलायचंय ते त्या शुक्रवारबद्दल. त्या शुक्रवारी मी तुमच्या वर्कशॉपात शर्यतीचा निकाल फोडला आणि गाड्या रंगवायच्या पेंटशेडला मिळायचा पंखा मिळाला नाही. आपण दोघांनी पुढं हा विषय कधी काढला नाही. तुम्ही माफ केलंत म्हणून काढला नाहीत, की लेकीशी काय वाद घालायचा म्हणून, हे मला अजून ठाऊक नाही.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या वर्कशॉपात तुम्ही फोरमन. मी पुण्याला हॉस्टेलवर राहून एम.ए. करतेय आणि दर दिवाळीच्या सुट्टीत अल मजाजच्या तुमच्या फ्लॅटवर येतेय. तुमचा मॅनेजर ऑस्ट्रेलियन. त्याच्या देशात बाथर्स्ट नावाच्या गावाजवळ एक डोंगर आहे आणि त्या डोंगरावरच्या साध्या रस्त्यावर वर्षातून एकदा हजार किलोमीटरची मोटारींची शर्यत होते. बाजारात दिसतात तसल्याच चार दारांच्या गाड्या, दोन ड्रायव्हर आळीपाळीनं, सहा-सात तास. ‘बाकी वर्षभर त्याच रस्त्यानं लोक दूध आणायला जातात,’ असं तुम्ही सांगायचात, जणू तिथं राहून आलात. तिथली माणसं दोन कंपन्यांच्या गाड्यांत वाटली गेलीत, एक तांबडी, एक निळी. तांबड्या घरातली मुलगी निळ्या घरात देताना लोक दोनदा विचार करतात म्हणे. हे तुम्हाला मॅनेजरनंच सांगितलं होतं आणि तुम्हाला ते फार पटलं होतं. ‘आपल्याकडं तालमींचं असंच की,’ म्हणाला होतात. कोल्हापूरच्या माणसाला बाजू घेतल्याशिवाय खेळ बघताच येत नाही.

साहेब तांबडा, म्हणून तुम्ही निळे. दुसरं काही कारण नव्हतं. तुमच्या मागोमाग मल्याळी पेंटर आणि पेशावरचा इलेक्ट्रिशियनही निळे झाले. साहेबाकडं उरले ते ऑफिसातले दोन क्लार्क. शर्यत रविवारी, म्हणजे तुमच्या कामाच्या दिवशी, आणि ती दाखवणारं चॅनेलही तुमच्याकडं नव्हतं. मग साहेबाचा भाऊ तिकडं टेप करायचा आणि पोस्टानं पाठवायचा. तीन कॅसेटी. यायला तीन आठवडे लागायचे. ते तीन आठवडे कुणीही निकाल कळू द्यायचा नाही हे तुमचं व्रत. साहेब आईला फोन केला की हॅलोच्या आधी ‘डोंट टेल मी!’ म्हणून ओरडायचा. पेपराचं खेळांचं पान इलेक्ट्रिशियन सकाळीच फाडून ठेवायचा. टेप आली की पुढच्या शुक्रवारी रिसेप्शनच्या खोलीत सगळे जमायचे, आणि निळे जिंकले तर तुम्ही साहेबाकडं एक गोष्ट मागायची. साहेबानं ती द्यायची. निळे जिंकले म्हणून एका वर्षी वॉशिंगच्या जागेवर शेड झाली. एका वर्षी ओणमची सुट्टी मिळाली. तांबडे जिंकले की तुम्ही सगळ्यांनी एक शुक्रवार येऊन वर्कशॉप धुवायचं. आणि निकाल कुणाला आधीच कळला असेल तर शर्यत बाद, मागणंही बाद. हा नियम तुम्ही घातला होता, आप्पा. आदल्या एका वर्षी इलेक्ट्रिशियनला कुठूनसा निकाल कळला होता आणि तो तोंड दाबून हसत होता, त्यानंतर.

त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. आईनं मिसळीचा रस्सा मोठ्या पातेल्यात केला होता, पाव नव्हता म्हणून खुबूसची, तिथल्या अरबी रोट्यांची, पाकिटं बांधली होती. तुम्ही बोलत होता आणि मी दारात पुस्तक घेऊन उभी होते.

‘यंदा पंखा मागायचा. मोठा एक्झॉस्ट. पेंटरचा खोकला ऐकलास का? रुमालावर ज्या दिवशी जी गाडी तो रंग निघतोय.’

‘मग तसाच मागा ना. हक्कानं. त्यासाठी शर्यत कशाला?’

‘दोन वर्षं तसाच मागतोय गं. पुढच्या बजेटात बघू म्हणतोय. शर्यतीत दिलेला शब्द तो मोडत न्हाई.’

‘म्हणजे तुमचं आरोग्य गाडीच्या चाकावर.’

‘तू चल तर,’ तुम्ही म्हणालात. ‘एकदा बघ. मग भाषण कर.’

आई हसली. मी नाही.

मला निकाल ठाऊक होता. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी वर्तमानपत्रं यायची, त्यात तळाला चार ओळींची बातमी होती. निळी गाडी जिंकली होती. बातमी वाचून मला गंमत वाटली, बाकी काही नाही. शर्यत बाद होण्याचा तो नियम तुम्ही पिकअपमध्ये, वर्कशॉपला जाताना सांगितलात. तेव्हाही मी सांगू शकले असते. गप्प बसले, आणि वाटलं की गप्प बसणं हीच माझी भेट. आपण काही बोललो नाही की आप्पांना पंखा मिळेल. तेवढं शहाणपण मला होतं, हे लक्षात ठेवा.

खोलीत एसी होता, दहा खुर्च्या, बाकीचे गाडीच्या काढलेल्या सीटांवर. साहेब अर्ध्या चड्डीत. त्या दिवशी त्याला कुणी सर म्हणत नव्हतं. इलेक्ट्रिशियन त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणतोय, ‘आप की लाल गाडी चढाई पे हाँफती है, बिलकुल आप के जैसी.’ साहेबाला भाषांतर करून सांगायचं काम तुमचं, आणि तुम्ही मीठमसाला लावून सांगताय. साहेब हसून लाल झालाय. पेंटर पहिल्या रांगेत, तोंडावर रुमाल, निळी गाडी पुढं गेली की रुमाल हवेत. ‘यल्ला, यल्ला!’ म्हणजे चल, चल. जुम्म्याच्या नमाजाला टेप थांबवली. नमाजाला गेलेले परतेपर्यंत कुणी बटणाला हात लावला नाही, साहेबही पडद्याकडं पाठ करून मिसळ खात बसला. तिखटानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पेंटर त्याला पाणी देत होता.

तिसरी कॅसेट सुरू झाली. डोंगरावर पाऊस लागला. गाड्या घसरायला लागल्या. तांबडी आणि निळी एकामागून एक त्या अरुंद उतारावर, मध्ये हातभर अंतर. आणि मी उठून उभी राहिले.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलले. आधी हिंदीत, मग साहेबासाठी इंग्रजीत. म्हणाले, तुमचे पासपोर्ट याच्या कपाटात आहेत. तुमच्या छातीत याच्या गाड्यांचा रंग साचलाय. आणि तुम्ही याच्या देशातल्या दोन कंपन्यांसाठी टाळ्या वाजवताय? ज्या हवेवर तुमचा हक्क आहे ती बक्षीस म्हणून मागताय? वाक्यं चांगली होती, आप्पा. आजही मी ती बदलणार नाही. पण शेवटी मी म्हणाले, ‘आणि तुमची निळी गाडी जिंकली आहे. तीन आठवड्यांपूर्वीच. काय मिळालं तुम्हाला?’

साहेबाचा चेहरा पडला. मला वाटलं, शरमेनं. त्याची वर्षभराची शर्यत गेली म्हणून पडला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तो तुमच्याकडं वळून म्हणाला, ‘फोरमन? युवर रूल.’ तुम्ही उठलात, टेप थांबवलीत, कॅसेट बाहेर काढून तिच्या खोक्यात नीट घातलीत. ‘खलास,’ म्हणालात. पेंटरनं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाला, ‘कोई बात नहीं, बेटी. अच्छा बोलती हो.’ त्यानं तसं म्हणायला नको होतं.

परतताना तुम्ही सिग्नलला थांबलात तेव्हा बोललात. ‘पोरी, तू बोललीस ते समदं खरं हाय. पासपोर्टाचंबी खरं. पण आम्ही तिथं काय करत होतो ते तू इचारलं न्हाईस. वर्सातनं एक दिवस तो माणूस आमच्याकडं हरतोय. हरला की देतोय. बाकीचे दिवस आम्ही नुसतं मागतोय.’ मागून हॉर्न वाजले तरी तुम्ही गाडी हलवली नाहीत. ‘आता पेंटरला काय सांगू ते सांग.’

मी मांडीवरचं पुस्तक उघडलं.

पुढच्या दिवाळीत मी परीक्षेचं निमित्त काढून आले नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘निळे जिंकले. पंखा बसला.’ मी पेंटरचं विचारलं. ‘तो गेला गावाला, मार्चमध्ये. छातीचं बरं न्हाई म्हणून.’ मग आईनं फोन घेतला आणि पुण्यात थंडी पडली का ते विचारलं.

मी वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं नाही, आणि तुम्हीही म्हणाला नसता. कामगारांची तपासणी सक्तीची करा, पंखा बक्षिसात नको, कायद्यात हवा, हे मी पुढं शेकडो सभांत मांडलं, त्यातलं थोडं कुठं कुठं झालंही. त्या सभांत मी शारजाच्या पेंटशेडची गोष्ट सांगते. मालकाला तोंडावर कसं सुनावलं ते सांगते आणि टाळ्या पडतात. शेवटचं वाक्य गाळते. निकालाचं. गेल्या महिन्यात एका मुलीनं सभेनंतर विचारलं, ‘ताई, मग पंखा बसला का?’ मी ‘बसला’ म्हणाले. खोटं नव्हतं. त्या रात्रीपासून घसा धरलाय, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण मधल्या तीन सभांत मी उत्तम बोलले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती मी कुणालाही सांगितलेली नाही. आप्पा, त्या दिवशी मी बोलायला उठले नव्हते. सकाळपासून मी तुमच्यासारखीच बघत होते. निकाल ठाऊक असूनही बघत होते. त्या ओल्या उतारावर निळी गाडी तांबडीच्या बाजूनं घुसली आणि मी ओरडायला म्हणून उठले. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सगळ्यांनी वळून पाहिलं, साहेबानंही, आणि मला माझी लाज वाटली. उभी तर राहिले होते. मग भाषण केलं.