शेवंताचे उपास

मारेगाव, १० ऑगस्ट १९५९, सोमवार
शेवंता आज भाकरीला शिवली नाही. श्रावणी सोमवार! नागपूरला दोघांनी सोबत दीक्षा घेतली, जुने देव सोडले, तीन वर्षं होत आली, आणि आमच्या बाईसाहेबांचा सोमवार सुटत नाही. विचारलं तर, "भूक नाही जी मले." एवढंच. मी मास्तर, वस्तीभर उपास सोडा म्हणून सांगत फिरतो आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. फार बोललो.

१३ ऑगस्ट
आज गुरुवार. आजही दोन घास खाऊन उठली. म्हणजे गुरुवारही धरला. पहाटे सारखी उठून बाहेर जाते. चोरून दिवा लावते की काय, म्हणून मागोमाग गेलो. लघवीला गेली होती. परत येऊन झोपलो.

२४ ऑगस्ट, सोमवार
शाळेतले दोन मास्तर जेवायला होते. त्यांच्यासमोर शे.ला पंगतीत बसवलं, स्वतः दोन भाकरी वाढल्या. म्हटलं, आमच्या घरी उपासतापास नाहीत. तिनं सगळं संपवलं, माझ्याकडे बघत बघत. पाहुणे गेल्यावर मागच्या अंगणात सगळं ओकली. मी म्हटलं, उपाशी राहायची सवय झाली की असंच व्हायचं. तोंड धुऊन म्हणाली, "खाल्ली ना जी मी?"

३ सप्टेंबर
काय लिहू. तिची धाकटी बहीण कौसल्या राळेगावहून आली आहे. आज तिनं शे.ला न्हाऊ घातलं आणि ओल्या हातानं बाहेर आली.
"भाऊजी, बाईचं पोट पायलं काय तुमी? हाताच्या काड्या झाल्या अन् पोट नगाऱ्यावानी. थो उपास नाही जी. दोन घासात पोट भरते तिचं. उन्हाळ्यापासून."
मी आत पाहून ओरडलोच, "मंग सांगतलं काहून नाही?"
आतून शे. म्हणाली, "या वयात पोट दिसलं तं लोक काय म्हन्तीन? उपास हाय असं मी कवाच नाही म्हटलं. तुमीच म्हटलं. मी म्हनू देल्लं."
खरं आहे. एकदाही ती म्हणाली नव्हती.

यवतमाळ, १८ सप्टें.
डॉक्टरबाईंनी तपासलं. अंडाशयात गाठ, पोटात पाणी. नागपूरला न्या म्हणाल्या. पोट फुगलेलं किती दिवस, थोडक्यात भरतं का, लघवीला सारखं जावं लागतं का... एकेक विचारत होत्या आणि प्रत्येकाचं उत्तर मला येत होतं. सगळं डोळ्यांदेखत झालेलं. मी त्याला देवधर्म समजत होतो.
आई कशानं गेली, हेही विचारलं. शे. म्हणाली, "तिचंई पोट असंच पान्यानं भरलं होतं." डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, हे कधीकधी घराण्यात असतं, बहिणीलाही एकदा तपासायला आणा.
कौसल्या बाकावर शेजारीच बसली होती. म्हणाली, "मले काय झालं? मी तं धट्टीकट्टी हावो." आणि उठून पाणी प्यायला गेली.

नागपूर, ६ ऑक्टो.
ऑपरेशन झालं. सगळी गाठ निघाली नाही. इथल्या डॉक्टरांना विचारलं, चार महिने आधी आणली असती तर? म्हणाले, हा रोग लवकर कळतच नाही सहसा. पण कदाचित. हा शब्द छातीवर बसला आहे.
दीक्षेला आलो तेव्हा याच शहरात झाडाखाली बसून भाकरीचं गाठोडं सोडलं होतं. तीन खाल्ल्या होत्या तिनं, वर माझ्यातली अर्धी. आज चमच्यानं पाणी पाजलं.

मारेगाव, २९ नोव्हें., रविवार
आज वस्ती आमच्या घरी जमली होती; बुद्धवंदना झाल्यावर शे. म्हणाली, बाप्ये बाहेर जा. उशीला टेकून बसली होती. मी दाराबाहेर उभा राहिलो, ऐकू येत होतं.
"लाजू नोका वो बायांनो. पोट फुगून राह्यलं, जेवन जाईना, तं वायू म्हनून ओवा खात नोका बसू. मी बसली अन् हे झालं. पाळी गेल्यावर फिरून रक्त दिसलं तं त्याच दिवशी दवाखान्यात जा. मालकानं उपास म्हटलं तरी जा."
बायका हसल्या. मीही हसलो, आणि मग मला तिथं उभं राहवेना. लग्न झाल्यापासून माझ्यापाशी जे बोलू शकली नाही, ते ती सगळ्या वस्तीसमोर बोलत होती. मी ऐकणाऱ्यांतला नव्हतोच कधी.

३० नोव्हें., सोमवार
कौसल्या बहिणीच्या सेवेला थांबली आहे. डॉक्टरबाईंकडे अजून गेलेली नाही. कापूस वेचून होऊ द्या, मग पोराची परीक्षा, मग आणखी काही. आज जेवताना दीड भाकरी ताटात तशीच ठेवून उठली.
मी विचारलं, "कौसे, काहून टाकली?"
"बाईचे हाल पाहून घास उतरत नाही, भाऊजी." आणि पदर पोटावर ओढून घेतला.
एवढ्या दुःखात कोणाचा घास उतरतो? पटलं मला. हात धुवायला उठलो. तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली शे. बोलली.
"फिरून विचारा जी. मले एकदाच विचारलं होतं तुमी."
फिरून विचारलं. घास उतरत नाही, की दोन घासात पोट भरते?
कौसल्या ताट उचलून चुलीपाशी गेली. हे लिहितो आहे तोवर चुलीपाशीच बसून आहे. सकाळी यवतमाळची मोटार आहे.