निवटी नावाची डिस्क

मॅडम, तुमची ती काळी डिस्क काल मी उघडली. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत त्याला तेरा वर्षं झाली आणि तुम्ही गेलात त्याला बारा. एवढा उशीर का झाला ते सांगायला बसलोय, आणि सवयीप्रमाणे मुद्द्यावर यायच्या आधी इकडचं तिकडचं बोलणार आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, प्रस्तावना पुरे, कमांड दे.

न्हावा शेवाच्या रस्त्यावरचं आपलं कंटेनर यार्डचं ऑफिस. बाहेरून ट्रेलर गेला की टेबलावरचा चहा थरथरायचा. मी कोन गावाहून बाइकवर यायचो, नुकताच डिप्लोमा झालेला, माउस हातात असला की वाघ आणि काळ्या स्क्रीनपुढे गोगलगाय. पहिल्याच दिवशी तुम्ही माउसची वायर काढून ड्रॉवरमध्ये टाकलीत. चित्रावर टिचकी मारणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत नाही, लिहावं लागलं की माणूस आधी विचार करतो, असं तुमचं म्हणणं. दर शनिवारी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगच्या डिस्क पुसून पुन्हा वापरात आणायच्या असत. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, डिस्कची ओळख दाखवणारी डिटेल डिस्क आणि शेवटी सगळं पुसणारी क्लीन. "क्लीन विचारत नाही," तुम्ही सांगितलं होतंत. "खात्री आहे का, असं ती कमांड म्हणणार नाही. म्हणून विचारणारं माणूस शेजारी बसवायचं." त्यातूनच तुमचा नियम आला. कीबोर्डवर बसलेल्याने हात मांडीवर ठेवायचे, दुसऱ्याने स्क्रीनवरचा नंबर, साइझ आणि नाव मोठ्याने वाचायचं, आणि मगच एंटर. मला पोरखेळ वाटायचा तो. शाळेत हात बांधून बसवतात तसा.

नावं मात्र माझी. सगळ्या डिस्क काळ्या, सारख्याच साइझच्या, आणि आज एक असलेला नंबर उद्या दुसरी डिस्क आधी लावली की दोन व्हायचा. म्हणून प्रत्येकीला नाव द्यायचं ठरलं आणि मी म्हणालो, माशांची देऊ, आमच्याकडे माणूस देवाचं नाव विसरेल पण मासळीचं नाही. तुमच्या खांदा कॉलनीच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, तरी तुम्ही हसत हसत टाइप केलंत. सुरमई, हलवा, बांगडा, मांदेली. निवटीही मी सुचवली होती. आमच्या आजोळी खाडीच्या चिखलात मिळते, पाऊल वाजलं की बिळात शिरते, मग कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढावी लागते, असं मी रंगवून सांगितलं. हे नाव राखून ठेवू, तुम्ही म्हणालात, कुणी लपून बसलं की देऊ.

आता तो शनिवार. चुलतभावाची हळद होती आणि आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मला दुपारीच निघायचंय. तुम्ही आत डबा खाताय. सुरमई पुसायची राहिलीय. मी एकटाच बसतो, लिस्ट डिस्क देतो. सकाळी सुरमई एक नंबरवर होती, म्हणून एक निवडतो. डिटेल डिस्क देत नाही. हात मांडीवर नाहीत, शेजारी कुणी नाही. क्लीन. आणि मग नजर केबलवरून मागे जाते आणि सुरमई टेबलावरच पडलेली दिसते, लावलेलीच नाही. लावलेली डिस्क तुमच्या घरची होती. लेकीच्या वाढदिवसाला सीडी करायची म्हणून तुम्ही ती सकाळी आणली होती. तिचं रांगणं, पहिली पावलं, तुमच्या ओट्यावर बसून वरणभात खाताना माखलेलं तोंड, सगळं त्यात होतं. दुसरीकडे कॉपी नाही, हे तुम्हीच चहाच्या वेळी सांगितलं होतंत.

तुम्ही हात पुसत बाहेर आलात तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, तुमची डिस्क खराब हाय. मशीन ओळखतच नाय तिला." घाबरलो की माझी घरची भाषा बाहेर पडायची. तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "सकाळी रिक्षात पिशवी आदळली होती माझी," तुम्ही म्हणालात, "तेव्हाच गेली असेल. जा तू, हळदीला उशीर होईल." माझ्या चुकीचा दोष तुम्ही स्वतःच्या पिशवीवर घेतलात आणि मी तो घेऊ दिला. त्या हळदीत मी एका कोपऱ्यात बसून होतो. आई म्हणाली, पोराला नजर लागली.

महिनाभराने तुम्ही मला पुसलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कमधला कप्पा, परत कसं शोधायचं ते शिकवलंत. न विचारता. क्लीनने दारावरची पाटी जाते, घर लगेच पडत नाही, फक्त त्यावर दुसरं काही लिहू नये, असं सांगत तुम्ही एक एक कमांड सावकाश दिलीत आणि प्रत्येकीनंतर थांबलात. मला वाटलं, मी लिहून घ्यावं म्हणून थांबताय. मी वही भरत राहिलो. पुढे तब्येतीमुळे तुम्ही नोकरी सोडलीत. शेवटच्या दिवशी तुम्ही ती डिस्क जुन्या रुमालात गुंडाळून मला दिलीत. "तू खराब म्हणालास ना, मग तुझ्याकडेच राहू दे. कधी वाटलं तर लावून बघ." मी ती कपाटात सर्वांत मागे सारली. दोन ओळींचं काम होतं मॅडम. तेवढ्याही माझ्याने टाइप होईनात.

आता ऑफिस दुसरीकडे हलतंय आणि जुन्या डिस्क पुसून भंगारात द्यायच्यात. माझ्या हाताखालच्या इंजिनिअर मुलीने कपाट रिकामं केलं आणि तुमची डिस्कही ढिगात आली. मी तिला अडवू शकलो असतो. अडवलं नाही. डिस्क लावली, हात मांडीवर ठेवले आणि ती वाचायला लागली. डिस्क दोन. साइझ सांगितली. मग थांबून म्हणाली, "लेबल, निवटी. सर, हे काय असतं?"

डिस्क चांगली ठणठणीत होती. आत एकही फाइल नव्हती, फक्त ते नाव. या डिस्कला ते मी दिलेलं नव्हतं, तुम्ही दिलं होतंत. मी तिला चहाला पाठवलं आणि दार लावून रडलो.

तुमच्या लेकीचा नंबर माझ्याकडे आहे. दर दिवाळीला शुभेच्छा टाकतो, त्यापलीकडे कधी धीर झाला नाही. काल फोन केला आणि तिच्या लहानपणीच्या व्हिडिओंचं विचारलं. ती म्हणाली, आहेत की सगळे. आई दोन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती, कुकरच्या शिट्ट्याही मोजायची नाही. सगळे परत मिळवले तिने. मग म्हणाली, "ऑफिसातला एक जण घाबरलाय, म्हणायची. चांगला आहे, येईल आपणहून सांगायला. कोण होता हो तो?"

फोन स्पीकरवर टेबलावर होता, हात मांडीवरच होते माझे. म्हणालो, "मीच."

ती म्हणाली, घरी या एकदा, ते व्हिडिओ बघायला. रविवारी जाणार आहे. डिस्क भंगारात दिलेली नाही, नावही बदललेलं नाही. हे पत्र त्या डिस्कवरच ठेवतोय, दुसरीकडे कुठे पाठवू?

एक मात्र तुमच्या लेकीलाही सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी खूप रडलो, ते खरं आहे. पण रडू फुटायच्या आधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.