पिंकीसाठी चमचाभर थुंकी

१६ फेब्रु., सोम.
नागपूरच्या संशोधनवाल्या मॅडम कॉलेजात आल्या. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर काम. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी थुंकीचा नमुना द्यावा म्हणे, राजीखुशीनं. अख्खा वर्ग खीखी. मले नाही हसू आलं. आमच्या धाकट्या पिंकीले सिकल आहे. हातपाय ठणकले की पोट्टी उशीत तोंड खुपसून रडते, आम्हाले ऐकू जाऊ नये म्हणून.
कँटीनात वैभव: "आपल्या थुंकीवर औषध बनवतीन न आपल्यालेच महाग विकतीन." रोशनी: "थुंकीच तं मागते, किडनी थोडी!" मग हळूच, "पण नाव नको फुटाले बाप्पा."
मॅडमले विचारलं. नावाऐवजी नंबर. मागून नाही म्हटलं तरी चालते. माहा होकार, सध्या मनातल्या मनात.

१७ फेब्रु.
आईले सांगितलं. लाखोळीच्या शेंगा सोलत होती, हातच थांबला. "काही गरज नाही. तुह्यातबी निघालं तं सोयरीक कोण करीन?"
असा राग आला! मग आठवलं. पिंकीचं निघालं तवा आत्या सगळ्यांदेखत बोलली, वहिनीच्या रक्तातून आलं. डॉक्टर सांगून राहिले होते, आई-बाबा दोघांकडून येते. बोलणी मात्र आईनंच खाल्ली. तवापासून माही तपासणी तिनं होऊच दिली नाही. वेडी माय माही.

२० फेब्रु., शुक्र.
पिंकीचे पाय पुन्हा. शेकता शेकता तिले सगळं सांगितलं. "तायडे, तुह्या थुंकीनं मी बरी होईन?" खोटं बोलवलं नाही. म्हटलं, तू नाही, पण पुढं कोणाची तरी पिंकी...
"मंग दे न."
नववीतली पोट्टी! मीच रडत बसले. आई दारात उभी होती. कवापासून, कोणास ठाऊक.

२३ फेब्रु., सोम.
आज नमुना. "जाऊन राहिली मी," आईले सांगूनच निघाले. चपला घातल्या तं मागून हाक. परीक्षेच्या दिवशी देते तशी हातावर दही-साखर! "काम होऊ दे बाई." गपकन खाल्ली न उड्या मारतच तुमसरची बस पकडली.
मॅडम: "सकाळपासून तोंडात काही घातलं नाही न?"
गेली न सारी मेहनत! उपाशी तोंडानं या म्हणून बजावलं होतं त्यांनी. "मॅडम... दही-साखर." सगळे हसले. मग मागून रोशनीचा आवाज, "मीबी." आणखी दोघीजणी तशाच. मॅडमनं कपाळाले हात लावला. पुढच्या सोमवारी परत या म्हणे.
घरी सांगितलं तं आईचं तोंड आधी एवढंसं झालं, मग पदर लावून हसत सुटली. किती दिवसांनी. लय गोड दिसते हसताना.

१ मार्च, रवि.
उद्या मॅडम येतीन. रोशनीचं पुन्हा हो-नाही सुरू. आत्याले कोणी सांगितलं काय माहीत, सकाळीच फोन, आईले वाट्टेल ते बोलली. आईनं ऐकून घेतलं न फोन ठेवला. आता ही मले अडवते, असंच वाटलं.
संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता, वर न पाहता:
"तुह्या मॅडमले माही थुंकी चालते का वं?"
म्हटलं, आत्या?
"तिचं मी पाहून घेईन. चालते का ते सांग."
माहीत नाही. उद्या विचारीन. दोघी जाऊ.
पिंकीनं दह्याचं भांडं आताच शेजारच्या घरी नेऊन ठेवलं.