काळी की लाकडी

५ जानेवारी, शनिवार

...एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून मी मोरीत चादरी पिळत होते, आणि झाडू जागेवर नव्हता. अर्धा केर काढून झालेला. शोधत पॅसेजमध्ये गेले तर हे झाडू खांद्याला लावून आरशासमोर उभे. म्हणाले, लांब रायफल ह्या पॅसेजमध्ये वळतच नाही, भिंतीला लागते. आपल्याला बुलपपच घ्यायला हवी. म्हटलं, आधी तो खाली ठेवा, मला केर काढायचाय. तेवढ्यात दूध उतू गेलं. चादरी तशाच राहिल्या.

एवढीच ती सकाळ. आज दूध तापवताना आठवली म्हणून लिहून ठेवली.

ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. बँकेचं, विम्याचं, सगळं मार्गी लागलं. एकच काम राहिलं: एअर रायफल. भावोजींच्या दुकानात दोन आहेत, एक काळी आणि एक लाकडी दस्त्याची. दोन्ही बुलपप. कुठली घ्यायची, ह्यावर हे कित्येक वर्षं विचार करत होते. ते काम मी पुरं करायचं ठरवलं आहे. मग लेकीकडे कायमची राहायला जाणार. तिला तसा शब्दच दिलाय: बंदूक ठरली की सामान बांधायला घेते.

पंधरा दिवस पुष्कळ झाले. खरं तर आठच.

७ जानेवारी

वाचनालयातून एअर रायफलींवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघितलं, पण काही विचारलं नाही. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं सगळं ह्याच वाचनालयात झालं. वाचायला घेतलं की मला काही अवघड नाही.

बुलपप म्हणजे आखूड बंदूक. एरवी छर्रा बसवायची जागा घोड्याच्या पुढे असते. हिची मागे, पार गालाजवळ असते. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची राहते आणि बंदूक मात्र हातभर आखूड होते. परकर तोच, फक्त नेफा आत दुमडला, असं काहीसं. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे समजायला पाच मिनिटं लागली. हे मला रोज जेवताना समजावून सांगायचे तेव्हा समजलं नव्हतं.

ब्लाउजांचं काम पडून आहे. उद्या बसतेच मशीनवर.

८ जानेवारी

दुकानात गेले. बरोबर इंचटेप नेली. काळी सव्वाअठ्ठावीस इंच, लाकडी साडेअठ्ठावीस. पाव इंचाचा फरक भावोजींनाही माहीत नव्हता.

भावोजी म्हणजे दुकानदार. सख्खे दीर नव्हेत. ह्यांचे मित्र, मला वहिनी म्हणतात, म्हणून मी भावोजी म्हणते. दुकानामागे लांबट खोली आहे, तिच्या टोकाला कागदी निशाणं. अलीकडे शेजारी शेजारी दोन जागा, एक भावोजींची, दुसरी भिंतीकडची, ह्यांची. दर शनिवारी हे तिथे जायचे. मी कधीतरी डबा द्यायला गेले की मागे स्टुलावर बसायचे.

आज ह्यांच्या जागेवर मी उभी राहिले. दोन्ही बंदुकांनी दहा दहा छर्रे मारले. निशाणाला चार लागले. भावोजी म्हणाले, वहिनी, हे शिवणयंत्र नाही, पाय हलवू नका. खरंच, घोडा ओढताना माझा उजवा पाय पायटा मारत होता.

काळीत खोट आहे. छर्रा भरण्यासाठी जो लिव्हर ओढायचा, तो भलत्याच बाजूला आहे. हात पलीकडे न्यावा लागतो आणि कोपर नाकाला लागतं. लाकडीच घ्यावी. ठरल्यातच जमा.

१२ जानेवारी

लाकडीतही तीच खोट. शिवाय गाल टेकायची जागा उलट्या बाजूला उंच. कुणी बनवली कोण जाणे. बाई नक्कीच नसावी.

भावोजींशी फार बोलणं झालं नाही. तासभर. त्यांच्या बायकोने घरात खुर्चीवर बसायला बंदी केली आहे, कारण सगळ्या खुर्च्यांवर तिची वाळवणाची कापडं असतात. म्हणून हे दुकान रात्रीपर्यंत उघडं राहतं, असं म्हणाले. एक छर्रा मी मारायचा, एक त्यांनी. ते माझ्या समोर तोंड करून उभे असतात, त्यामुळे छर्रा भरता भरता बोलता येतं. मी मात्र बंदुकीकडेच लक्ष ठेवलं.

निर्णय पुढच्या शनिवारी. नक्की.

१४ जानेवारी

लेकीचा फोन. आई, बंदूक कशाला हवी तुला, जावयांना धाक दाखवायला का? म्हटलं, बाबांचं काम आहे. ती म्हणाली, लग्न ठरवताना तरी इतका वेळ घेतला होतास का? म्हटलं, तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं.

हसली. मग म्हणाली, खोलीला रंग द्यायला घेतलाय. तुला कुठला आवडेल?

म्हटलं, कळवते.

१५ जानेवारी, मंगळवार

एक लक्षात आलं. एकाच दिवशी दोन्ही बंदुका हाताळल्या की दुसरीच्या वेळेला हात दमलेला असतो. म्हणजे दुसरीवर अन्याय. म्हणून आजपासून काळी मंगळवारी आणि लाकडी शनिवारी. भावोजींना पटलं. म्हणाले, तुमच्या ह्यांच्या हे डोक्यात कसं आलं नाही?

मला बरं वाटलं.

आज काळीने दहात दोन. तिच्यावरच्या दुर्बिणीत दोष असावा.

१७ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. बंदूक घेताय म्हणे! चोरांसाठी का? म्हटलं, नाही. मग उंदरांसाठी? नाही. मग मारणार काय? म्हटलं, अजून ठरवतेय. काय मारायचं ते? नाही हो, कुठली घ्यायची ते.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, काही लागलं तर हाक मारा हं. जिना चढून त्या दिसेनाशा झाल्यावर आठवलं, वर्षभरात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

१९ जानेवारी

लाकडीचा वार. हवेचा फटका कानाशीच होतो. बुलपपचा हा दोष पुस्तकातही दिला आहे. पण ह्यांना कधी त्रास झाल्याचं आठवत नाही. त्यांना ऐकू कमी येत असावं. मी काही सांगितलं की ऐकू यायचं नाही, हे मात्र खरं.

भावोजींनी आज सांगितलं, हे मरणाच्या आदल्या शनिवारीही दुकानात होते. दोन्ही बंदुका समोर घेऊन बसले होते. म्हणाले होते, पुढच्या शनिवारी फायनल.

घरी येऊन ब्लाउजाची एक बाही उलटी लावली. उसवली. परत उलटीच लावली.

२२ जानेवारी

काळी. दहात एक. भावोजी म्हणाले, वहिनी, अर्धा श्वास सोडा, मग घोडा ओढा. मी पूर्ण सोडला, चक्कर आली. स्टुलावर बसवून पाणी दिलं. म्हणाले, घाई काय आहे, ह्या बंदुका इथून कुठे जात नाहीत. लोक लांब नळीची मागतात, आखूड कुणी घेत नाही.

बरं झालं. म्हणजे, निवांत विचार करता येईल.

२४ जानेवारी

लेकीचा फोन. जावयांनी टेम्पो ठरवला आहे. दहा फेब्रुवारी, रविवार. आई, आता तारीख पक्की, मी तुझ्या हातापाया पडते. तिचा आवाज रडवेला होता. मला रात्रीअपरात्री काही झालं तर शेजारी कोण आहे, अशी काळजी ती करते. करू नये, पण करते. तिचं चुकत नाही.

म्हटलं, दहापर्यंत बंदूक ठरतेच.

हे लिहिताना लक्षात येतं, दोनच बंदुका आहेत. चिठ्ठी टाकली तरी ठरेल. पण तसं करणं म्हणजे ह्यांच्या विचारांची किंमत न ठेवणं.

२९ जानेवारी

काळी. दहात शून्य. मात्र त्यात एक शेजारच्या निशाणाला लागला, तोही मधोमध. भावोजींनी स्वतःच्या नावावर लावून घेतला. आम्ही फार हसलो. छर्रे सांडले, दोघांनी वाकून वेचले. त्यांचा गुडघा धरला, माझी कंबर. एकमेकांना उठवेपर्यंत चहा गार.

घरी आल्यावर दिवा लावला. कुलूप उघडताना हसू चेहऱ्यावरच होतं, ते आत आल्यावर कळलं.

बंदुकीबाबत: लिव्हरची खोट कायम. कंपनीला पत्र लिहावं म्हणते.

२ फेब्रुवारी

लाकडी. काही सुधारणा नाही. पुस्तकाची मुदत संपली, वाढवून आणलं. रंगाचं लेकीला अजून कळवलेलं नाही. तिने स्वतःच फिका पिवळा दिला. चांगला आहे म्हणे.

पुढच्या मंगळवारी शेवटची फेरी. त्यानंतर निर्णय, मग सामान. भांड्यांची खोकी आणून ठेवली. एकात वाचनालयाचं पुस्तक ठेवलं आणि लगेच काढलं. ते आपलं नव्हे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात गेले होते. विशेष काही नाही. डोकं दुखतंय. ठरत आलं आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारचं नीट लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

दहा छर्रे झाले, दोन लागले. मी फळ्यावर खडूने गुण लिहीत होते. भावोजी मागून म्हणाले, वहिनी, तुम्ही उजव्या हाताने लिहिता? म्हटलं, मग कशाने लिहू? कात्री कुठल्या हातात धरता? उजव्या. मग बंदूक डाव्या खांद्याला का लावता?

मी म्हटलं, बंदूक डाव्याच खांद्याला लावतात ना.

त्यांनी जवळ येऊन बंदूक माझ्या हातातून घेतली आणि परत दिली, ह्या वेळी उजव्या खांद्याशी. म्हणाले, तुमचे हे डावरे होते, वहिनी. ह्या बंदुका उजव्या माणसासाठी केलेल्या आहेत. मला वाटलं तुम्हीही डावऱ्याच.

हे डावरे होते हे मला काय नवीन होतं? जेवताना कोपराला कोपर लागायचं म्हणून मी आयुष्यभर सरकून बसले. पण बंदूक धरलेला माणूस मी जन्मात एकच नीट बघितला होता, तोही मागून, स्टुलावर बसून.

उजव्या खांद्याला लावल्यावर लिव्हर बोटाखाली आला. गाल जिथे टेकायचा तिथे टेकला. पाच छर्रे मारले. पाचही एका शर्टाच्या बटणात मावतील इतक्या जागेत. मग दुसरी घेतली. तिचेही तसेच. काळीतही खोट नाही, लाकडीतही नाही. दुर्बीण उत्तम. कंपनीचं काही चुकलेलं नाही.

भावोजींना फार आनंद झाला. म्हणाले, आता डोळे मिटून कुठलीही उचला, वहिनी, दोन्ही सारख्याच चांगल्या.

पण एक झालं होतं. उजव्या खांद्याला बंदूक लावली की अंग उजवीकडे वळतं. मी भिंतीकडच्या जागेवर. छर्रा भरताना समोर बघितलं तर भिंत. पोपडे आलेली, वर एक खिळा. भावोजी माझ्या पाठीमागे. त्यांनी एक मारला, मी एक मारला. त्यांनी एक, मी एक. कुणी काही बोललं नाही. पाठीशी काय बोलणार? सगळे छर्रे झाले आणि खोलीत फक्त हवेचा आवाज झाला होता.

भावोजीच मग म्हणाले, आमचं बरं होतं. ते डावरे, मी उजवा. समोरासमोर उभे राहायचो. निशाण कुणी बघितलंय? जागा बदलायची म्हणाल तर तुम्ही इकडे या, मी तिकडे जातो. मी म्हटलं, मग तुम्हाला भिंत दिसेल, आणि मला तुमची पाठ. ते म्हणाले, हो, ते आहेच. आणि बंदुका पुसायला घेतल्या. बराच वेळ पुसत होते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आई, ठरलं? म्हटलं, दोन्ही चांगल्या निघाल्या. ती म्हणाली, अगं मग घे ना एक, किती छान! म्हटलं, बघू. आई, बरी आहेस ना? म्हटलं, हो. म्हणाली, टेम्पोवाला उद्या विचारेल, त्याला हो सांगू ना?

म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, माझा वार नव्हता. मी दुकानात गेले, ह्यांच्या जागेवर उभी राहिले आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली.