फाळक्याची तार

२७ मार्च १९७३, मंगळवार

सकाळची शाळा सुटल्यावर चेअरमन बापूरावांनी सोसायटीत बोलावलं. स्वतः खुर्ची पुढं केली. त्यांनी खुर्ची पुढं केली की काम अवघड असतं.

कुर्डुवाडीहून तलावाच्या दुष्काळी कामावर मजुरीचं धान्य जातं. त्यातली पोती वाटेत कमी होतात. गाडी सोसायटीची पिकअप, ड्रायव्हर भगवान. म्हणजे सुशीलाचा सख्खा भाऊ, माझा मेहुणा.

"गुरुजी, तुम्ही बी.एस्सी. माणूस. रेडिओ उघडता. मागच्या फाळक्याला बॅटरीवरचं कुलूप करा. एक किल्ली गोदामात, एक कामावर मुकादमापाशी. डायवरच्या हातात काय नको."

साधं कुलूप का नको, विचारलं.

"लावलं व्हतं की. कोयंडाच उपटला कुणीतरी." मग हसून, "आन् तुमचाच माणूस हाय. तुम्हीच कुलूप घाला, म्हंजे कुणाला बोलाया जागा न्हाय."

'तुमचाच' म्हणण्यात नातं किती आणि आमची वस्ती किती, हे घरापर्यंत तोलत आलो. हो म्हणून आलो हे खरं. भगवानला वाचवायला, की स्वतःला?

२९ मार्च

सु. दोन दिवस नीट बोलत नाही. आज भाकरी वाढताना एवढंच, "माझ्या भावाला कुलूप घालायला माझाच नवरा मिळाला त्यांना."

कुलूप गाडीला आहे, म्हणालो.

"व्हय. गाडीलाच."

१ एप्रिल, रविवार

दिवसभर गाडीखाली. ट्रॅक्टरच्या स्टार्टरचा जुना सोलेनॉइड मिळाला. तारेची जाड गुंडाळी, आत लोखंडी दांडा. करंट दिला की दांडा आत ओढला जातो. त्याला लोहाराकडून करून आणलेला गज जोडला. मागं स्प्रिंग. करंट नसेल तेव्हा गज फाळक्याच्या भोकात बसलेला, करंट दिला की मागं. फाळका आपटला की आपोआप बंद.

पहिल्यांदा नुसता टक् आवाज, गज हलेना. वायर बारीक पडली. एवढ्या लांबवर करंट पोचेपर्यंत दमतो. दुपारी जाड वायर ओढली, लोखंडी नळीतून, कुणाला मधे कापता येऊ नये म्हणून. परतीला वेगळी वायर नाही, करंट चासीच्या लोखंडातूनच परततो; रंग खरवडून टोक तिथंच आवळलं. किल्लीचा स्विच ड्रायव्हरच्या समोर. भगवानच्या नाकासमोर, आणि किल्ली त्याच्याकडे नाही.

तो दिवसभर पाने देत होता. एकदाच बोलला. "दाजी, हे झाल्यावर मी सुटलो ना?"

सुटलास, म्हणालो. कुठल्या भरवशावर?

२ एप्रिल

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. परतीला कामावरच्या बाया-पोरं हौद्यात बसून गावात येतात. वर जाळी ठोकलेली, फाळका आपोआप बंद. बॅटरी मेली आणि गाडी उलटली तर? चेअरमनना सांगितलं, हातानं उघडायची काहीतरी सोय हवी.

"हातानं उघडायचं तर कुलूप कशाला केलं मग?"

संध्याकाळी एकट्यानं जाऊन सोय केली. दांड्याच्या शेपटाला तार बांधली, नंबरपाटीमागच्या भोकातून काढली, टोक आत वळवलं, वर ग्रीस. ओढली की फाळका सुटतो. कुणाला सांगितलं नाही.

भगवानलाही नाही. ठाऊकच नसेल तर तो छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकेल. कारण बरोबर आहे. पण ते कारण तार बांधायच्या आधी सुचलं की नंतर, हे आता आठवत नाही.

८ एप्रिल, रविवार

आठवडाभर सगळी पोती पुरी उतरली. मी खुशीत सोसायटीत गेलो. तिथं बापूराव चार माणसांत बसलेले.

"बघा, कुलूप बसलं आन् गळती थांबली. म्हंजे पाणी कुठं मुरत व्हतं ते कळलं का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मूर्खासारखं हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. बोललो एवढंच की, पूर्वी गाडी वाटेत जेवायला थांबायची, कोयंडा कुणीही उपटला असेल. ते ऐकून घेतलं. ऐकून घेणं वेगळं, मानणं वेगळं.

भगवानच्या कानावर गेलं होतं. संध्याकाळी अंगणात उभ्यानंच बोलला. "पोती कमी आली तर मी चोर. पुरी आली तरी मीच चोर. आता मी सुटायचं कुठून, ते सांगा दाजी."

चहा न घेता गेला. महिनाअखेरीला नवा ड्रायव्हर बघणार, अशी कुणकुण आहे. हे काम गेलं तर त्यालाही तलावावर खडी फोडावी लागेल. आणि ज्यांच्या पोत्यांवरून चोर ठरला, त्यांच्यातच बसून.

१४ एप्रिल

वस्तीत जयंती. यंदा जेवणावळ नाही, चुरमुरे-गूळ. पाण्याचा टँकर दोन दिवसांनी येतो, पण घरं सारवली होती. सु.नं निळ्या कापडाच्या पताका शिवल्या, भगवाननं दोऱ्या बांधल्या. लाउडस्पीकर लावला. मी बोललो, शिक्षणावर. जरा लांबलंच. आवाज पार नदीपलीकडं जात होता म्हणे. पोरं खूश. मीही.

१६ एप्रिल, सोमवार

क्रमानं लिहितो.

आज कामावर धान्यवाटप. "कुलूप तुमचं, तुम्ही संगं जावा," असं बापूरावांनी सांगितलं होतं. शाळेनंतर गोदामाशी गेलो. पोती भरून फाळका आपटलेला, पण गाडी सुरू होईना. हमालांनी ढकलली, झाली. उशीर झाला होता, मी काही विचारलं नाही.

तलावावर सगळी माणसं टोपल्या टाकून उन्हात उभी. मागचं वाटप हुकलं होतं. भगवाननं इंजिन बंद केलं. सवयीनं. मुकादम श्रीपतीनं किल्ली लावून फिरवली. टक्. परत. टक्. मग तेही नाही.

भगवानचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "दाजी, परवा बॅटरी जयंतीला दिली व्हती. लाउडस्पीकरला."

गाडीची बॅटरी काढून लग्नाला, तमाशाला, जयंतीला देतात. सगळेच देतात, त्यात विशेष काही नाही. परवा मी ज्या भोंग्यावर बोललो, तो कशावर चाललाय हे बी.एस्सी. माणसाच्या डोक्यात आलं नाही.

गाडी ढकलून सुरू केली, रेस दिली, तर कदाचित गज ओढला गेला असता. भगवान गर्दीला म्हणाला, "जरा ढकला रं." कुणी हलेना.

"ढकलून दिली की पळवणार तू."

"कुलूप उघडत न्हाय म्हणं! आत पोती हायत का वाळू, ते दाव की आधी."

एक म्हातारी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. डोक्यावर चुंबळ तशीच. "मास्तर, कालपास्नं चूल न्हाय पेटली. तुमी शिकल्याली मान्सं, आन् असलं कसलं कुलूप करता, जे तुमालाच उघडत न्हाय?"

तेवढ्यात कुणीतरी पहार आणली. श्रीपती ओरडला, गाडी फोडली तर सगळ्यांचं काम बंद. त्यानं आग आणखी भडकली. दगड आला. भगवानच्या कपाळावर. तो खाली बसला नाही, दाराला पाठ लावून उभा राहिला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. दोघांनी त्याची कॉलर धरली. "ह्योच चोर. ह्योच."

मला तार आठवली होती. टक् आवाज थांबला तेव्हाच आठवली होती. तरी मी उभा होतो. चारचौघांत तार ओढली, की किल्लीशिवाय फाळका उघडतो हे जगाला दिसणार. तार त्याच्या दाजीनं बसवलेली. मग भगवानला कोण सोडणार? हा हिशेब मी करत होतो आणि तिकडं त्याला धरलं होतं. किती वेळ उभा होतो, कळत नाही. दुसरा दगड उचलताना बघितला आणि मागं पळालो. नंबरपाटीमागं हात घातला, ओढली.

फाळका धाडकन खाली. पोती दिसली आणि सगळी गर्दी मागं वळली. भगवान एकटा राहिला.

एक नोंद करून ठेवतो. तार ओढताना हाताला काचली नाही. टोकाला चिंधी गुंडाळलेली लागली. मी गुंडाळली होती? आठवत नाही.

पोती पुरी भरली. श्रीपती पोती न बघता माझ्या हाताकडं बघत होता.

१७ एप्रिल

बापूराव शाळेत आले. वर्गाच्या दाराशी. "म्हंजे उघडत व्हतं तर."

बाया-पोरांसाठी केली, सांगितलं.

"ते खरं असंल. पण डायवरला ठाऊक व्हतं का, एवढंच मीटिंगमधी सांगा. सोमवारी अकराला. आन् तार आपल्या हातानं काढून टाका."

भगवानच्या कपाळाला टाके. घरी गेलो तर झोपल्यासारखा पडून होता. झोपला नव्हता.

२० एप्रिल

हाच विचार. भगवानला ठाऊक नव्हतं असं सांगितलं, तर कुलूप त्याच्यापुरतं पक्कं होतं, पोती कुलपामुळं पुरी आली, आणि पूर्वीचा चोर तोच. ठाऊक होतं म्हटलं, तर रोज उघडता येत असून त्यानं दाणा उचलला नाही. तो सुटतो. दाजी-मेहुण्याचं संगनमत म्हणून मी अडकेन, कदाचित शाळेपर्यंत जाईल. पण तो सुटतो.

फक्त ते खोटं आहे.

सु.ला सांगितलं. तिनं बराच वेळ तांदूळ निवडले. "तुम्ही त्याला का न्हाई सांगितलं तारेचं?"

त्याला छातीवर हात ठेवून नाही म्हणता यावं म्हणून.

"का, तो उघडंल असं वाटलं म्हणून?"

उत्तर देता आलं असतं तर लगेच दिलं असतं.

२३ एप्रिल, सोमवार. सकाळ

मीटिंग अकराला. शाळेला रजा टाकली. सातलाच पक्कड घेऊन गाडीपाशी गेलो, तार काढायला. भगवान आधीच तिथं, कपाळाला पट्टी, बॉनेट पुसत. गाडी त्याची राहील की नाही ठाऊक नाही, आणि पुसतोय.

"दाजी, मला इचारलं तर मी न्हाय म्हणणार. ठाऊक नव्हतं मला. तुमी बी तेच सांगा."

मग तुझं काय होईल?

"माझं काय व्हायचं ते व्हईल. तुमची सरकारी नोकरी हाय. ताईची पोरं हायत."

गाडीखाली गेलो. नंबरपाटीमागून टोक ओढून उजेडात आणलं. चिंधी होतीच. नीट गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली, हात कापू नये अशी. निळं कापड. सु.च्या पताकांचं.

म्हणजे जयंतीच्या वेळेस त्याला ठाऊक होतं. कदाचित आधीपासून. दर आठवड्याला गाडीखाली ग्रीस मारणारा तोच. तार सापडली, दाजीनं सांगितलं नाही हेही त्यात सापडलं, आणि त्यानं काय केलं, तर टोकाला चिंधी बांधली. गेल्या सोमवारी दगड लागला तेव्हाही ओढली नाही. माझं नाव येईल म्हणून?

खालूनच हाक मारली. त्याचे पाय चाकापाशी येऊन थांबले.

"सापडली का?" त्यानं विचारलं.

सापडली, म्हणालो.

खोटं बोलू की नको, याच्यावर आठवडा घालवला. आता खरं तेच त्याला सोडवणारं आहे, आणि तो स्वतः ते नाकारणार. माझं खरं मानणार कोण? दाजीनं मेहुण्यासाठी रचलेलंच वाटणार. चिंधी दाखवली तरी.

तरी तार कापली नाही, चिंधीसकट राहू दिली, मीटिंगला दाखवता यावी म्हणून. पक्कड पिशवीत टाकून बाहेर आलो. त्यानं माझ्या पाठीवरची माती झटकली.

दहा वाजून गेले. तो बाहेर ओट्यावर बसलाय, सु.नं दिलेला चहा गार करत. निघतो.