माझा शांत स्वभाव आणि थाई मसाज

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून नवीन आयुष्य. राग बंद. (तसा मला राग येत नाही. लोक आणतात.)

हर्षाला माहेरी, वरठीला जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले. मुलीला घेऊन गेली. आराम करायला गेली आहे, असं मी गावात, कोंढ्यात, सगळ्यांना सांगितलं आहे. बायकोवर मी आजवर एकदाही हात उचललेला नाही, हे इथे लिहून ठेवतो. मिक्सर फक्त जमिनीवर ठेवला होता, जरा उंचावरून. कपाटाच्या दाराला माझी मूठ लागली, पण दार मध्येच होतं. दोन्ही वेळा हर्षा बाजूला उभी होती, तिने तिथे उभं राहायला नको होतं.

काल फोनवर बोलली. "मारलं नाही तुमी, खरं हाय. पन तुमचा हात वर गेला का मले भेव वाट्टे. हे भेव जाईन तवाच येतो."

रात्रभर विचार केला. म्हणजे प्रॉब्लेम फक्त हातांचा आहे, माणूस ठीक आहे. हातांना ट्रेनिंग दिलं की विषय संपला. भंडाऱ्यात थाई मसाजचा कोर्स आहे, आठ आठवडे, शनिवार-रविवार, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. नाव घातलं. वेळ भरपूर आहे. सिक्युरिटीची नोकरी मी स्वतःच सोडली, सुपरवायझरच्या कानाखाली माझा हात गेल्यावर लगेच.

११ जानेवारी, शनिवार

पहिला क्लास. शिकवणाऱ्या अंजू मॅडम पन्नाशीच्या आहेत, थायलंडला शिकून आल्या. अंगाने इतक्या हडकुळ्या की पंखा लावायला भीती वाटते. आम्ही पाच विद्यार्थी. तेल नाही, कपडे काढायचे नाहीत, समोरच्याला चटईवर निजवायचं आणि तळवा, अंगठा, कोपर, गुडघा यांनी दाबायचं. पाय पण वापरतात. हे ऐकल्यावर विषय मनापासून आवडला.

सुरुवातीला हात जोडून जीवकाला वंदन करायचं. जीवक म्हणजे तथागत बुद्धांचा वैद्य. ही विद्या त्याचीच मानतात. घरी सांगितलं तर बाबा खूश. आपलीच विद्या आपल्याला इतक्या लांबून फिरून परत मिळाली, असं म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, सगळ्याच्या मुळाशी मैत्री पाहिजे. हाताखालच्या माणसाचं भलं व्हावं, एवढंच मनात ठेवायचं. वहीत 'मैत्री' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

परतताना बसमध्ये एकाने माझ्या सीटवर बॅग ठेवली होती. मैत्रीने समजावलं. बॅग अड्याळच्या अलीकडे खिडकीतून उतरली, तो पुढच्या स्टॉपवर.

१४ जानेवारी, मंगळवार

प्रॅक्टिस पाहिजे, पण घरी निजायला कोणी तयार नाही. आई म्हणाली, तिचे गुडघे आहेत तसेच राहू दे.

मग धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, काढले. चाळीस किलोचा कट्टा हा अगदी माणसासारखा असतो. वरून मऊ, आतून कडक. अंगठ्याने दाबला, कोपराने दाबला, मग वर उभा राहिलो. एकदाही तक्रार नाही. संध्याकाळपर्यंत दोन कट्टे फुटले. आई झाडणी घेऊन आली. धान गोळा करायला आली असं आधी वाटलं, पण पहिला फटका पाठीत बसला.

तरी प्रगती उत्तम. माणूस याहून सोपाच असणार.

१९ जानेवारी, रविवार

मॅडमनी फॉर्म दिले. पंधरा माणसांना मसाज द्यायचा. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सही करायची. दाब ठीक आहे का, हे सारखं विचारत राहायचं. हे पंधरा फॉर्म असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

सोपं आहे. गावात आपल्याला नाही म्हणणारा कोण आहे?

२१ जानेवारी, मंगळवार

पहिला माणूस किराणावाला मनिष. मिक्सरची गोष्ट पूर्ण गावभर त्यानेच सांगितली होती. ते माझ्या मनातही नाही.

एक तास दिला. खांद्यातून कट्ट असा आवाज आला. मोकळा झाला. दाब ठीक आहे का, हे मला विचारावंच लागलं नाही. तो स्वतःहून तीनदा म्हणाला, बरं वाटून राहिलं अश्विनभाऊ. दहापैकी दहा. सही डाव्या हाताने केली. तसा तो उजव्या हाताने लिहितो. मसाजने शरीराच्या दोन्ही बाजू जाग्या होतात, असं पुस्तकात आहेच.

२६ जानेवारी, रविवार

क्लासला सुट्टी. झेंडावंदनानंतर भैय्याजी गुरुजींना घरी आणलं. चौथीत यांनी मला छडीचे अकरा फटके दिले होते, मांडीवर, डाव्या. मला अजिबात आठवत नाही.

डाव्या मांडीला अकरा मिनिटं कोपर दिला. योगायोग.

गुरुजी कट्ट्यासारखेच, हूं की चूं नाही. डोळे मिटून कुठलंसं स्तोत्र म्हणत होते. दहापैकी दहा, शिवाय 'विद्यार्थी गुणी आहे' असा शेरा. बाईकवर सोडतो म्हणालो तर नको नको, चालतच जातो म्हणाले. घर समोरच आहे. पोचायला पाऊण तास लागला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आठ फॉर्म, आठही दहापैकी दहा. गावात मान वाढला आहे. मी चौकात आलो की लोक उठून उभे राहतात, मग घरी जातात. पानठेला दुपारीच बंद होतो. मनिषचा हात झोळीत आहे. विचारलं तर सायकलवरून पडलो म्हणाला. सायकल त्याच्याकडे नाही, पण विकत घेणार असेल.

हर्षाला फोन केला. कोर्सचं सांगितलं. ती म्हणाली, खरंच शिकून राहिले का? खरंच म्हणालो. परीक्षा पास झालात का एकदा वरठीले या, म्हणाली. दुपारी चार ताटं भात खाल्ला.

८ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी फॉर्म पाहिले. सगळ्यांचे दहा कसे, असं विचारलं. टॅलेंट, म्हणालो. माझ्या शेजारी बसणारा बंटी हसला. त्याला हलकं ढकललं. मागचं दार बंद होतं हे मला माहीत नव्हतं. दार काचेचं होतं हेही माहीत नव्हतं.

बंटीला चार टाके. मॅडमनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर कोर्समधून बाहेर. मैत्री या शब्दाखाली तिसरी रेघ मारली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सायंकाळी

ओठ सुजला आहे. पुढचा अर्धा दात नाही. कसं झालं ते नीट लिहितो, नंतर उलटसुलट नको.

ईश्वर ढिवर गोसीखुर्द धरणातले मासे विकायला येतो. याचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आता तिकडे पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो. बाहेरचा असल्यामुळे मला नीट ओळखत नाही. मसाज घेतो का विचारलं, हसत हसत निजला.

सगळं छान चाललं होतं. मग त्याला पालथं करून, मांड्यांवर पाय देऊन, दोन्ही मनगटं धरून मागे ओढलं. तो ओरडला, सोड. ताण बाहेर पडतो आहे असं समजून आणखी ओढलं. त्याची टाच माझ्या तोंडावर बसली.

पुढचा क्रम आठवत नाही. त्याची मान माझ्या काखेत होती, माझे केस त्याच्या मुठीत. खाटेचा पाय मोडला. तो पाय माझ्या हातात कसा आला, सांगता येत नाही. अंगणात लोळत आलो, माशांवरून. आईने बादली ओतली, उपयोग नाही. शेवटी बाबांनी काठीने दोघांनाही मारलं, अगदी सारखं, एक त्याला, एक मला.

ईश्वर नाकाचं रक्त गमछ्याने पुसत बसला. म्हणाला, "भिऊन सह्या देऊन राहिले तुले लोकं. दुखते म्हनाची कोनाची हिंमत नाही."

अडाणी माणूस. त्याला शास्त्र काय कळणार? फॉर्म सही न करता गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सहज मनिषच्या दुकानात गेलो. खरं सांग, दुखलं होतं का? नाही नाही भाऊ, म्हणाला. आईची शपथ घे म्हणालो, काउंटरवर हात आपटून. तो रडायला लागला.

का रडला ते कळलं नाही. दिवसभर त्याचाच विचार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, आज तू निज.

पालथा निजलो. पाठीवर तळवा ठेवला, पण दाबलं नाही. थांबल्या. मी श्वास सोडला तेव्हा अंगाचा भार हळूच पुढे टाकला. श्वास घेतला की माघार. असं किती तरी वेळ. म्हणाल्या, श्वास रोखलेल्या माणसाला दाबायचं नाही. तो सोडेपर्यंत वाट पाहायची, आपली कामं तेवढी तातडीची नसतात.

डोळ्यांत तेल गेलं. (थाई मसाजमध्ये तेल नसतं. तरी गेलं.) मला शेवटचं कोणी हात लावला होता, असं त्यांनी विचारलं. मंगळवारी, ईश्वरने, म्हणालो.

मग त्यांनी जुने फॉर्म माझ्यासमोर फाडले. मी मूठ वळली. नंतर सोडली. ही नोंद मोठ्या अक्षरात: सोडली.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांना निजवलं. लहानपणी यांच्या हातचा मार रोज असायचा, पट्ट्याचा, चपलेचा, सायकलच्या ट्यूबचा. आज पाठीवर हात ठेवला तर पाठ एवढीशी. श्वासाची वाट पाहिली. दहा मिनिटांत बाबा घोरायला लागले.

माझ्या हाताखाली माणूस झोपला. मी हललोच नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. बाबांनी उठल्यावर दहापैकी सहा दिले. सहा खरे आहेत.

५ मार्च, बुधवार

पंधरा फॉर्म झाले. पाच, सहा, सात, एक चार. भैय्याजी गुरुजींच्या घरी जाऊन उंबऱ्यातच माफी मागितली. त्यांनी दार उघडलं नाही, पण आतून 'बरं बरं' म्हणाले. मनिष निजला. तासभर लागला त्याचा खांदा सैल व्हायला. मध्येच 'इथे दुखते' म्हणाला. इतका आनंद झाला की मी त्याचा मुका घेणार होतो. घाबरला असता, म्हणून नाही घेतला.

या पंधरवड्यात एकदाच राग आला. पंपावर रांगेत घुसणाऱ्याला मी काहीच केलं नाही. फक्त त्याच्या गाडीची चावी गवतात टाकली.

९ मार्च, रविवार

परीक्षा. अठ्ठ्याहत्तर मार्क. बंटीला चौऱ्याहत्तर. कपाळावर टाक्यांची खूण असून त्याने माझं अभिनंदन केलं.

हर्षाला फोन. या म्हणाली.

१० मार्च, सोमवार

उद्याचा प्लॅन. दहाच्या बसने निघायचं. सोबत सर्टिफिकेट, चटई, धुतलेली चादर. तिथे तिला एक तास पूर्ण मसाज, तळव्यांनीच. भीती नव्वद मिनिटांत गेलेली असेल (तीस मिनिटं जास्तीची धरली आहेत). पाचच्या बसने तिघं परत. आईला दोन माणसांचा भात जास्त टाकायला सांगितला. मुलीच्या शाळेचं सामान बसमध्ये मावेल का, ते उद्या कंडक्टरला विचारतो.

११ मार्च, मंगळवार

हर्षाने सर्टिफिकेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. मग आपणहून म्हणाली, मलेच करून दाखवा. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. मुलगी शाळेत होती.

चटई टाकली. हर्षा पालथी निजली, डोळे मिटले. हात जोडून जीवकाला वंदन केलं. तिच्या बाजूला बसलो. दोन्ही तळवे तिच्या पाठीवर धरले, वीतभर वर. श्वास सोडला की टेकवायचे.

तिने श्वास सोडला नाही.

वाट पाहिली. तिचे खांदे कानांपर्यंत वर आलेले. बोटं चादरीत रुतलेली. मध्येच घोटभर श्वास घेतला आणि पुन्हा रोखला. मला राग आला नाही. मनात नीट शोधून पाहिलं, कुठेच नव्हता. मनात खरोखर तिचं भलंच होतं. पण ते तिला कसं कळावं? तिला डोळे मिटूनही माझे वर केलेले हातच दिसत होते.

किती वेळ गेला, माहीत नाही. माझे दंड भरून आले. अशी ती आमच्या घरी किती दिवस जगली असेल, हे मला आज पहिल्यांदा कळलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मग तिने डोळे न उघडता विचारलं, "झालं का?"

मी हात खाली घेतले, माझ्याच मांडीवर. "झालं," म्हणालो.

ती पटकन उठून बसली, ओढणी नीट केली, आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बरं वाटलं, म्हणाली.

मी तिला हात लावलाच नव्हता.

चटई गुंडाळली. मुलगी यायच्या आत निघालो. पाचच्या बसने एकटा परत आलो. आईने माझं एकट्याचं ताट वाढलं, भात पुष्कळ उरला.